मराठी मजकुराचे संगणकीय संकेतन : बिघाडाचा इतिहास व दुरुस्तीच्या मर्यादा

प्रस्तावना :

संगणकावरील मराठीचा इतिहास सामान्यतः फॉन्ट व कळफलक यांच्या अंगाने सांगितला जातो. अक्षरामागील संकेतांकाकडे मात्र मानव्यविद्यांच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक गेल्या तीन दशकांतील मराठी कागदपत्रे उद्याच्या इतिहासकारास वाचता येतील की नाही, हे या संकेतांकांवरच अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात त्यांतील बिघाडांची कारणे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

इस्की ते युनिकोड :

भारतीय लिप्यांसाठी सिद्ध झालेल्या ‘इस्की’ संकेतनास भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. पुण्याच्या सी-डॅकने त्याचा प्रसार केला. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच असून तीमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली आहे. म्हणजे मानक उपलब्ध होते. परंतु मुद्रणव्यवसायाने वेगळाच मार्ग धरला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले फॉन्ट रूढ झाले. पडद्यावर मराठी दिसे, साठवणीत मात्र निरर्थक रोमन अक्षरे असत. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय झाली, तरीही छपाईच्या सवयी पुढे अनेक वर्षे टिकून राहिल्या.

‘मुरुम’ या शब्दाचे काय होते?

वेब अनुप्रयोगात युनिकोड मजकूर बहुधा यूटीएफ-८ पद्धतीने साठविला जातो. ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी योजिली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘मुरुम’ या शब्दात तीन अक्षरे व दोन उकार अशी ५ चिन्हे आहेत, म्हणजेच १५ बाइट. हेच बाइट एखाद्या प्रणालीने पाश्चात्त्य युरोपीय विंडोज-१२५२ संकेतन समजून वाचले, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. वाचन चुकले असले तरी बाइट शाबूत असतात, म्हणून उलट रूपांतराने मजकूर परत मिळावा, असे वाटते.

येथे एक बारकावा आहे. विंडोज-१२५२ मध्ये पाच स्थाने रिकामी आहेत. ऱ्हस्व उकार, हलन्त, चंद्रबिंदू, ए, ऐ, ऍ आणि झ यांचा शेवटचा बाइट नेमका या रिकाम्या स्थानांवर पडतो. काटेकोर प्रणाली तेथे प्रश्नचिन्ह घालते आणि मूळ बाइट कायमचा नष्ट होतो. ‘धाराशिव’ व ‘उमरगा’ हे शब्द या अपघातातून सहीसलामत सुटतात. ‘मुरुम’ व ‘तुळजापूर’ आपले उकार गमावतात, तर जिल्ह्याच्या जुन्या नावातील जोडाक्षर मोडते. हा निव्वळ योगायोग असला तरी विद्यार्थ्यांच्या नावांची यादी दुरुस्त करणाऱ्यास तो महाग पडतो.

मायएसक्यूएल या आज्ञावलीत हा धोका काहीसा कमी आहे, कारण तिचे ‘लॅटिन-१’ या रिकाम्या स्थानांनाही संकेतांक देते. २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत तेच तिचे मूलभूत संकेतन होते. अनुप्रयोग यूटीएफ-८ पाठवी, भांडार लॅटिन-१ समजे. दोन्ही बाजूंची चूक सारखीच असल्याने पडद्यावर सर्व ठीक दिसे. भांडार नव्या सर्व्हरवर नेल्यावरच दोष उघड होई. अशा वेळी स्तंभाचे थेट यूटीएफ-८ मध्ये रूपांतर केल्यास बिघाड दुप्पट होतो. प्रथम स्तंभ बायनरी करून मग संकेतन घोषित करणे, हा योग्य क्रम होय; अर्थात मूळ प्रत आधी बाजूला ठेवूनच.

लांबीची अडचण तितकीच गंभीर आहे. २० बाइटच्या स्तंभात देवनागरीची ६ चिन्हेच पूर्ण मावतात. ‘उस्मानाबाद’ला ३० बाइट लागतात; सैल नियमांच्या प्रणालीत ‘उस्मान’ एवढेच उरते व पुढे अर्धवट कान्याचे अवशेष. हा भाग कोणत्याही रूपांतराने परत येत नाही.

अचूक संकेतनातील संदिग्धता :

‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्तायुक्त ऱ व हलन्त यांनी, किंवा साधा र, हलन्त व शून्य रुंदीचा जोडक यांनी. दोन्ही दिसतात सारखेच, परंतु शोधयंत्रणेने त्यांचे एकरूपीकरण केले नसेल तर एकाच्या शोधात दुसरा सापडत नाही. येथे बिघाड झालेला नसतो, त्यामुळे तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या फॉन्टमधील शोधनिबंध व नियतकालिके यांची स्थिती याहून बिकट आहे. प्रत्येक फॉन्टकुलाची आकारमांडणी निराळी असल्याने रूपांतरासाठी फॉन्टचे नेमके नाव ठाऊक असावे लागते. पुष्कळ महाविद्यालयांत छापील अंक जपले जातात. त्या अंकाची मूळ फाइल कोणत्या फॉन्टमध्ये जुळविली होती, याची नोंद मात्र अंकावर नसते.