भाजीपाल्याच्या अवशेषांपासून अन्नवेष्टन : सेलोफेनपासून गाजराच्या पापुद्र्यापर्यंत

प्रस्तावना

पळसाच्या पानातील फुलांची पुडी किंवा हळदीच्या पानात वाफवलेली पातोळी हे वनस्पतिजन्य वेष्टनाचे आपल्याकडील परिचित रूप होय. हळदीचे पान पातोळीला केवळ झाकत नाही, तिला स्वतःचा गंधही देते. आधुनिक परिभाषेत ज्याला 'सक्रिय वेष्टन' म्हटले जाते, त्याची मूळ कल्पना याहून फार वेगळी नाही. वेष्टनाने पदार्थ नुसता बंदिस्त न करता त्याच्या टिकाऊपणावर वा गुणांवर परिणाम घडवावा, एवढाच तिचा अर्थ. भाजीपाल्याच्या टाकाऊ भागापासून असे जैवविघटनशील वेष्टन तयार करण्याचे प्रयोग एकविसाव्या शतकातील असले, तरी त्यांच्यापुढील अडचणी मात्र जुन्या आहेत. प्रस्तुत लेखात त्या अडचणींचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

सेलोफेनचा उदय व अस्त

क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये व्हिस्कोज प्रक्रियेचे पेटंट घेतले. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांच्या साहाय्याने विरघळवून आम्लात पुन्हा घनरूप करणे, हे या प्रक्रियेचे सूत्र होय. स्विस रसायनशास्त्रज्ञ जाक ब्रँडेनबर्गर यांनी या द्रावणाचा लेप कापडावर देऊन डाग न पडणारे कापड करण्याचा प्रयत्न केला. कापड ताठर झाले, पण लेपाचा पारदर्शक पापुद्रा सहज सुटून आला. फसलेल्या प्रयोगातून हाती लागलेला हा पापुद्रा म्हणजेच सेलोफेन. १९०८ च्या सुमारास त्याचे यंत्र सिद्ध झाले आणि १९२४ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले.

सेलोफेन पाणी अडवीत असे, परंतु पाण्याची वाफ अडवू शकत नसे. त्यामुळे त्यात गुंडाळलेला पाव वाळे आणि कोरडा पदार्थ सादळे. १९२७ मध्ये ड्यूपाँचे संशोधक विल्यम हेल चार्च यांनी नायट्रोसेल्युलोज व मेण यांचा अतिशय पातळ लेप देऊन हा दोष दूर केला आणि मग सेलोफेनचा खप झपाट्याने वाढला. मात्र वनस्पतिजन्य पापुद्रा बाजारात टिकला, तो स्वतःच्या बळावर नव्हे तर लेपाच्या बळावर, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या यशाची किंमत कारखान्यातील कामगारांनी मोजली. कार्बन डायसल्फाइडच्या वाफांमुळे मज्जासंस्थेचे व मनाचे विकार जडतात, हे फ्रेंच वैद्य डेल्पेश यांनी रबर कामगारांच्या संदर्भात १८५६ मध्येच नोंदवले होते. तरीही व्हिस्कोज उद्योगात तेच द्रव्य वापरात राहिले. कच्चा माल निसर्गाचा असला म्हणजे प्रक्रियाही निरुपद्रवी असते, हा समज या उदाहरणाने खोटा ठरतो.

पुढे १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआयच्या प्रयोगशाळेत पॉलिथिलीनचा शोध लागला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून वापरलेला हा पदार्थ युद्धानंतर स्वयंपाकघरात आला. स्वस्त व ओलाव्याला दाद न देणाऱ्या या स्पर्धकापुढे सेलोफेन मागे पडले.

सक्रियतेची परंपरा

सक्रिय वेष्टनाचा विचार स्वतंत्रपणे विकसित झाला. कॅलिफोर्नियातील विंकलर व जेकब यांनी १९२५ मध्ये द्राक्षांच्या विपणनात सल्फर डायऑक्साइडच्या उपयोगावर संशोधन प्रसिद्ध केले. नाशिक परिसरातील निर्यातदार द्राक्षांच्या पेटीत जो 'ग्रेप गार्ड' कागद ठेवतात, तो याच परंपरेतला. पेटीतील ओलावा शोषून तो हळूहळू हा वायू सोडतो व बुरशी रोखतो. जपानमध्ये १९७७ मध्ये लोहचूर्णाची प्राणवायू शोषणारी पुडी बाजारात आली. आता हेच कार्य वनस्पतींच्या अंगभूत द्रव्यांकडून करून घेण्याचा प्रयत्न होत आहे. कांद्याच्या सालीतील क्वेर्सेटिन किंवा डाळिंबाच्या सालीतील टॅनिन यांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे, ते त्यामुळेच.

जिनोव्हा येथील प्रयोग

इटलीतील जिनोव्हाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पार्सली व पालकाचे देठ, भाताचे तूस आणि कोकोच्या शेंगांची टरफले थेट प्लास्टिकसदृश पापुद्र्यात रूपांतरित केली. सेल्युलोज वेगळे न काढता संपूर्ण वनस्पतिद्रव्य वापरले, ही यातील नवी गोष्ट. परंतु द्रावक म्हणून ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल योजले होते. ते महाग व अत्यंत दाहक असते. व्हिस्कोजचाच प्रश्न वेगळ्या नावाने पुन्हा उभा राहिला, असे म्हणावे लागते. संशोधकांना याची जाणीव असावी. कारण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील कामात गाजर, फ्लॉवर इत्यादी भाज्यांच्या पुडीवर पाण्यातील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करून पापुद्रे तयार केले गेले. गाजराच्या पापुद्र्यात भाजीचे प्रतिऑक्सिडीकारक गुण टिकून राहिले, ही सक्रियतेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय.

ओलाव्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. वनस्पतिद्रव्य पाणी ओढून घेते. त्याला कृत्रिम लेप द्यावा तर विघटनशीलता धोक्यात येते. शिवाय सालीवरील कीटकनाशकांचा अंश वेष्टनातून अन्नात उतरणार नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. 'टाकाऊ' हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. मंडईतील पाला गुरांच्या गव्हाणीत जातो, आणि सफरचंदाचा चोथा व संत्र्याची साल पेक्टिन उद्योगाने विसाव्या शतकातच विकत घेण्यास आरंभ केला होता.

कायद्याची बाजू

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. केंद्राची एकदा वापरून फेकण्याच्या ठरावीक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून लागू झाली. त्यापूर्वी केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी कंपोस्टयोग्य प्लास्टिकच्या पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट दिली, परंतु त्यासाठी आयएस १७०८८ हे मानक पूर्ण करणे आवश्यक ठरवले. या मानकातील विघटनाची चाचणी औद्योगिक कंपोस्टच्या स्थितीत, सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान सतत राखून घेतली जाते. गावाच्या उकिरड्यावर किंवा शहराच्या कचराभूमीवर अशी स्थिती राखली जात नाही.