वर्ग सुटल्यानंतर

1910 साली भारतमंत्री जॉन मोर्ले यांचा एक खलिता लंडनहून निघाला आणि मद्रास इलाख्यातल्या एका खटपट्या अधिकाऱ्याच्या कामाला त्याने खीळ घातली. आल्फ्रेड चॅटर्टन मूळचा अभियांत्रिकीचा प्राध्यापक. 1898 मध्ये त्याने मद्रासच्या कलाशाळेत अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली आणि हा धंदा चालतो असे दिसल्यावर तो एका खासगी कंपनीच्या हवाली केला. मग तो क्रोम पद्धतीने कातडे कमावण्याकडे वळला. विहिरींवर ऑइल इंजिनाचे पंप बसवण्याचाही त्याने ध्यास घेतला. त्याची रीत अशी, की सरकारी पैशाने धंदा उभा करून दाखवायचा, त्यातल्या खाचाखोचा स्वतः सोसून शिकायच्या आणि मगच तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मद्रासच्या गोऱ्या व्यापाऱ्यांना हे खपले नाही आणि मोर्ले यांनी त्यांचीच बाजू उचलून धरली. सुधारित पद्धतींची लोकांना ओळख करून द्यायला, म्हणजे थोडक्यात शिकवायला, सरकारने खुशाल खर्च करावा. त्यापुढे पाऊल टाकू नये, असा त्यांच्या आदेशाचा आशय होता. योगायोग असा, की त्याच 1910 साली औंध संस्थानात अगदी उलट घडत होते. बेळगावातले बिऱ्हाड गुंडाळावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जागा दिली आणि पैशांचीही मदत केली. नांगर कसा करायचा हे लक्ष्मणरावांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. अडले होते ते जागेपाशी आणि भांडवलापाशी.

मोर्ले यांचा आदेश फार काळ टिकला नाही. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालच्या औद्योगिक आयोगाने 1918 मध्ये सरकारने उद्योगवाढीत थेट भाग घ्यावा, अशी शिफारस केली. चॅटर्टन स्वतः त्या आयोगावर होता, हा काळाने उगवलेला छोटासा सूड म्हणायला हरकत नाही. 1919 च्या सुधारणांनंतर उद्योग खाते प्रांतांकडे गेले. तरीही शिकवणे हे सरकारचे काम आणि शिकवल्यानंतरचे ज्याचे त्याने बघावे, ही त्या खलित्याने ओढलेली रेघ पुसली गेली असे मला वाटत नाही. स्वतंत्र भारतात उद्योजक घडवण्याचे जे सरकारी प्रयत्न झाले, त्यांतले यशस्वी प्रयत्न ही रेघ ओलांडणारे होते, आणि बाकीचे तिच्या अलीकडेच घोटाळत राहिले. श्रेय मात्र प्रत्येक वेळी वर्गाला मिळाले. वर्ग सुटल्यानंतर काय घडले, याची नोंद फार थोड्यांनी ठेवली.

सुरुवातीची यंत्रणा वर्गावर फारशी विसंबलेली नव्हतीच. 1953-54 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांचे पथक देशभर फिरून गेले आणि त्याच्या शिफारशींवरून लघुउद्योग सेवा संस्था निघाल्या. पाठोपाठ 1955 मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ आले. शेतीखात्याचा विस्तार अधिकारी जसा बांधावर जातो, तसा उद्योगाचा विस्तार अधिकारी कारखान्यात जाईल, अशी कल्पना होती. या अधिकाऱ्यांना तयार करण्यासाठी निघालेली संस्था 1962 मध्ये दिल्लीहून हैदराबादला हलली आणि ‘सिएट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिथेच पुढे तो प्रसिद्ध काकीनाडा प्रयोग झाला.

प्रयोगामागचा माणूस हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड. काही समाज श्रीमंत होतात ते त्यांच्यातल्या माणसांना काहीतरी करून दाखवण्याची ओढ असते म्हणून, असा सिद्धान्त त्याने 1961 च्या आपल्या पुस्तकात मांडला होता. ही ओढ जन्मजात नसून शिकवता येते, हे त्याला सिद्ध करायचे होते. 1964 पासून आंध्रातल्या काकीनाडा या बंदराच्या गावातले पन्नासेक व्यापारी-कारखानदार तुकड्यातुकड्यांनी हैदराबादला नेण्यात आले. जेमतेम दहा दिवसांचा निवासी वर्ग होता. चित्र पाहून गोष्ट लिहायची, खुंटीवर कडी फेकण्याचा खेळ खेळायचा, किती लांबून फेकायची ते स्वतः ठरवायचे आणि त्यावरून आपण जोखीम कशी घेतो ते ताडायचे. शेवटी येत्या दोन वर्षांत धंद्यात काय करणार, ते कागदावर उतरवायचे. तुलनेसाठी त्याच जिल्ह्यातले राजमहेंद्री हे शेजारचे गाव निवडले होते, तिथे वर्ग झाला नाही. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा वर्गाला गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक धंद्यात नवे काही करत होते. वर्ग न मिळालेल्यांत हे प्रमाण पावाच्या आसपासच राहिले होते. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी 1969 मध्ये हे पुस्तकरूपाने छापले आणि दहा दिवसांत उद्योजक घडतो ही वार्ता जगभर गेली.

पण त्याच पुस्तकातला दुसरा निष्कर्ष तितका गाजला नाही, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. वर्गाचा परिणाम दिसला तो मुख्यतः ज्यांच्या हाती स्वतःच्या धंद्याची सूत्रे होती त्यांच्यावर. वडील किंवा थोरला भाऊ गल्ल्यावर बसलेला आहे आणि हा त्याच्या हाताखाली आहे, अशांची उमेद वर्गात वाढली असेलही, पण गावी परतल्यावर तिला वाव नव्हता. शिवाय परंपरेचा पगडा, जुन्या समजुती, रूढी पाळणे यांचा परिणामावर म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे मनाचा सिद्धान्त मांडायला निघालेल्या माणसाच्या हाती आकडे आले ते परिस्थितीचे. उमेद हवीच, पण जिथे निर्णयाचा अधिकार, थोडे भांडवल आणि चालू धंदा आधीच होता, तिथेच ती फळली. मराठी माणसाच्या रक्तातच धंदा नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटले जाते की त्याला पुरावा कोणी मागत नाही. काकीनाड्याचा पुरावा त्याच्या विरोधात जातो. रक्ताचा प्रश्न असता तर सनातनी घरातला तेलुगू व्यापारी दहा दिवसांत बदलला नसता, आणि बदलला असता तर मग घरात हुकूम कोणाचा चालतो यावर काही अवलंबून राहिले नसते.

गुजरातने हा धागा नेमका पकडला. तिथल्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने साठच्या दशकाच्या अखेरीस तंत्रज्ञांसाठी एक धाडसी योजना काढली होती: हातात कसब आहे पण तारण ठेवायला काही नाही, अशांना प्रकल्पाचे पूर्ण भांडवल कर्जाऊ द्यायचे. काही चालले, काही फसले. आपण कोणाला पैसे देतो आहोत हे आधी पारखले पाहिजे आणि कारागिराला हिशेब, बाजार, खेळते भांडवल यांची जाण दिली पाहिजे, हे त्या अनुभवातून उमगले. म्हणून 1970 मध्ये डॉ. व्ही. जी. पटेल यांच्या पुढाकाराने उद्योजकता विकास कार्यक्रम सुरू झाला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: कर्ज आधी होते, वर्ग त्याच्या पोटी जन्मला. वर्ग भरे संध्याकाळी, साधारण तीन महिने, म्हणजे उमेदवाराला नोकरी सोडावी लागत नसे. निवडीच्या वेळी पदवीपेक्षा वागणुकीकडे पाहिले जाई. प्रकल्प अहवाल वर्गातच तयार होई, आणि औद्योगिक वसाहतीतला गाळा व कर्ज देणारी महामंडळेच कार्यक्रमाची यजमान असल्याने उमेदवाराला दारोदार फिरावे लागत नसे. 1979 मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र आणि 1983 मध्ये अहमदाबादजवळ राष्ट्रीय पातळीवरची संस्था निघाली. काकीनाड्याच्या खेळांना या सगळ्यात जागा होती, पण कोपऱ्यातली.

यावर पहिला आक्षेप असा, की पारखून घेतलेले लोक सरकारविनाही यशस्वी झालेच असते. काहीजण नक्कीच झाले असते. मात्र तारण नसलेल्या कामगाराला त्या काळच्या कोणत्याही बँकेने पूर्ण भांडवल दिले नसते, हेही तितकेच खरे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मारवाडी, कच्छी, चेट्टियार यांना कोणत्या सरकारने धंदा शिकवला? शाळेत न गेलेल्यांनी साम्राज्ये उभारली, मग हा खटाटोप कशाला? या आक्षेपाचे उत्तर त्या समाजांच्या इतिहासातच आहे. थॉमस टिंबर्ग यांनी मारवाड्यांवर जे संशोधन केले, त्यात ताराचंद घनश्यामदास यांच्यासारख्या मोठ्या पेढ्यांचे व्यवहार तपशिलाने येतात. शेखावाटीहून कलकत्त्याला आलेला पोरगा आपल्या लोकांनी चालवलेल्या ‘बाशा’त उतरे, तिथे राहण्या-जेवणाची सोय होई. पेढीवर मुनिमाच्या हाताखाली तो वह्या लिहायला शिके, पुढे कोणाच्या तरी शब्दावर त्याला उधारीवर माल मिळे, आणि पहिल्या ठोकरीला सावरणारेही जवळ असत. यात शिक्षण आहे, पण ते निवारा, पत आणि देखरेख यांच्यापासून वेगळे काढता येत नाही. ज्यांना जातीने किंवा कुळाने हे सगळे दिले, त्यांना सरकारच्या मदतीची गरज पडली नाही. ज्यांच्या कुळात पेढी नाही, त्यांच्यासाठी सरकारने पेढीतला फक्त वह्या लिहिण्याचा तास उचलला आणि बाकीचे सोडून दिले, तर पेढीइतके फळ कसे मिळणार?

नेमके तेच पुढे होत गेले. 1977 च्या औद्योगिक धोरणानंतर, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. आखणी उत्तम होती: एक महाव्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली कर्ज, कच्चा माल, यंत्रसामग्री, विक्री यांचे स्वतंत्र व्यवस्थापक, सगळे एका छताखाली. महाराष्ट्रात गाळे-प्लॉटसाठी एमआयडीसी 1962 पासून होती, मोठ्या भांडवलासाठी 1966 पासून सिकॉम. 1982 मध्ये पुण्यात सल्ल्यासाठी मिटकॉन आले, 1988 मध्ये औरंगाबादेत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र. गुजरातेत जे एकाच टेबलावर होते ते इथे चार संस्थांत वाटले गेले, आणि त्यांना जोडण्याचे काम उमेदवाराच्या पायांवर आले. 1993 च्या पंतप्रधान रोजगार योजनेने प्रशिक्षण सक्तीचे केले. उद्योगासाठी दोन-तीन आठवडे, सेवा व्यवसायासाठी त्याहून कमी. सक्तीने झाले असे, की वर्ग हा कर्जाच्या फाइलीतला एक कागद बनला. प्रमाणपत्र जोडल्याशिवाय बँक हप्ता सोडत नाही म्हणून लोक वर्गाला बसू लागले.

यात कोणाचा लबाडपणा शोधण्याची गरज नाही. वर्ग मोजता येतो: किती तुकड्या, किती प्रशिक्षणार्थी, त्यांत महिला किती, अनुसूचित जातीजमातींचे किती. वर्षअखेरीस उद्दिष्ट पुरे झाले की नाही ते सांगता येते. याउलट एखाद्या अधिकाऱ्याने सिन्नरच्या वसाहतीत दुपारभर बसून नव्या कारखानदाराला त्याच्या थकलेल्या बिलांबद्दल दोन हिताच्या गोष्टी सांगितल्या, तर त्याची नोंद कोणत्या तक्त्यात करायची? लहान कारखानदार बुडतो तो बहुधा यंत्र चालवता येत नाही म्हणून नव्हे. मोठ्या गिऱ्हाइकाने चार-सहा महिने पैसे अडवले, आणि त्या काळात कोणाकडे जायचे हे त्याला कळले नाही, म्हणून. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगांची देणी 45 दिवसांत भागवण्याचे बंधन घातले खरे, पण मोठ्या गिऱ्हाइकावर दावा ठोकायचा की नाही, हे ठरवताना कायद्यापेक्षा जाणत्या माणसाचा सल्ला जास्त लागतो.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा अलीकडचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात 1,500 छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. हिशेब, विक्री, नियोजन असे नेहमीचे व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेल्यांच्या नफ्यात ठामपणे सांगता येईल अशी वाढ झाली नाही. स्वतःहून पुढाकार कसा घ्यावा याचे मानसशास्त्रीय प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा मात्र सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. मॅक्लेलंडचे चाहते इथे टाळ्या वाजवतील आणि त्यांचा तो हक्क आहे. मनाला हात घातल्याने काही होत नाही असे मी म्हणत नाही. पण तिथले सगळे लोक आधीच धंदा चालवत होते, काकीनाड्यासारखेच. आणि वर्ग संपल्यावर काही महिने प्रशिक्षक त्यांच्या दुकानात जात राहिले होते. बेरोजगाराला दोन आठवडे बसवून प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीला या चाचणीचा आधार मिळत नाही.

कारखान्यात जाऊन मार्गदर्शन केल्याने काय होते, याचा पुरावा तर आपल्या दाराशीच आहे. तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड कारखान्यांत अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने व्यावसायिक सल्लागार महिनोनमहिने पाठवले. 2013 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. सल्लागारांनी केले ते फार गहन नव्हते: सुताचा साठा नीट मांडणे, यंत्रबिघाडाची नोंद ठेवणे, सदोष कापडाचे कारण त्याच दिवशी शोधणे. मालकांना हे आधी कोणी सांगितले नव्हते असे नाही, पण बाजूला उभे राहून करून घेणारे कोणी नव्हते. ते कारखाने शेकडो कामगारांचे होते आणि तो सल्ला बाजारभावाने घ्यायचा तर भलताच महाग पडला असता, म्हणून एवढे सरकारला परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र स्वस्तातली वाटही याच देशात, कर्नाटकातल्या उजिरे गावी, 1982 पासून चालू आहे. धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि दोन बँका यांनी मिळून काढलेल्या तिथल्या संस्थेत ग्रामीण तरुणांना थोड्या दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळते आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांचा पाठपुरावा होतो. केंद्र सरकारने तोच नमुना उचलून जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढल्या, महाराष्ट्रातही त्या आहेत. दुसरीकडे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातले प्रशिक्षण आता घरबसल्या ऑनलाइन पुरे करता येते. उमेदवाराची पायपीट वाचते, हे चांगलेच झाले. वाचलेला तो पैसा आणि वेळ उद्योग खात्यातल्या माणसांनी कर्ज मिळालेल्यांच्या गाळ्यांवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फेऱ्या मारण्यात घालवावा, अशी तरतूद मात्र अजून कोणत्याही योजनेच्या पहिल्या पानावर आलेली नाही.