आधी रक्त, मग मेंदू

हिमोग्लोबिन कमी आहे म्हटलं की आपल्याला आठवतात थकवा, बीट, खजूर आणि लोखंडी कढई. मी लोहाचा इतिहास वाचायला घेतला तो रक्तासाठी. अडकलो मात्र मेंदूत.

सुरुवात लंडनची. 1920च्या दशकात डॉ. हेलन मॅके ईस्ट एंडमधल्या गरिबांच्या बाळांवर उपचार करत होत्या. दुधात लोह जवळपास नसतंच, म्हणून त्यांनी बाळांना ते वेगळं दिलं. रक्त सुधारलं, आजारपणंही कमी झाली. 1931 साली त्यांचा अहवाल आला. पुढे बराच काळ हिशेब तिथेच मिटत असे: रक्त भरलं, बाळ बरं झालं.

हा हिशेब कोस्टा रिकात बिघडला. डॉ. बेट्सी लोझॉफ यांनी 1980च्या दशकात तिथल्या एक ते दोन वर्षांच्या 191 मुलांना तपासलं, ज्यांना लोह कमी होतं त्यांना ते दिलं. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यातली 163 पुन्हा गाठली. सगळ्यांचं रक्त उत्तम. तरीही तान्हेपणी ज्यांचं हिमोग्लोबिन 10 किंवा त्याखाली होतं, ती मुलं बुद्धीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मागे होती. गरिबीचा परिणाम असेल, असं मलाही वाटलं. पण 1991च्या त्यांच्या लेखात घरची परिस्थिती हिशेबात धरूनही फरक उरतो. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, हेही खरं.

कारणाचा धागा पेशींत सापडतो. मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी असतात. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं मायलिनचं वेष्टण त्या चेतातंतूंवर चढवतात, आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतात. मेंदूतल्या पेशींमध्ये सर्वाधिक लोह यांच्याकडेच. वेष्टणासाठी लागणारी चरबी आणि ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांना ते हवं असतं. हे काम पहिल्या दोन वर्षांत सर्वात जोरात चालतं. आणि नेमकं तेव्हाच लोह अपुरं पडलं, तर शरीर ते आधी तांबड्या पेशींना देतं. म्हणजे रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन घसरलेलं दिसेपर्यंत मेंदूची उपासमार सुरू झालेली असू शकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) भारतात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे दोघांना रक्तक्षय आहे. सगळाच लोहाअभावी नाही, पण बराचसा. बाळ आपला साठा आईकडून घेतं, तोही मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळाला तो साधारण सहा महिने पुरतो. जन्मानंतर नाळ कापायला मिनिटभर थांबलं, तरी त्यात भर पडते.