ग्रंथकार आणि दक्षिणा



ग्रंथ लिहिणे हे एक काम आणि तो छापण्यासाठी साहाय्य मागणे हे दुसरे. पहिल्यापेक्षा दुसरे किती कठीण, याचा अनुभव मला सणसवाडीत बसून आला. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गावच्या वृद्धांच्या तोंडून शेते, विहिरी, बलुतेदार यांच्या आठवणी टिपून घेतल्या. शिवारात कारखाने उभे राहिले, सांगणारी माणसे एकेक करून गेली. वही तेवढी राहिली. तिच्या छपाईसाठी एका कचेरीकडे अर्ज केला. एकदा सही राहिली म्हणून आणि एकदा प्रती कमी म्हणून तो परत आला. तिसऱ्या खेपेस ‘शिफारस नाही’ एवढेच उत्तर मिळाले. कारण विचारले, त्यावर मौन. मन खट्टू झाले, तेव्हा इतिहास चाळला. आणि ही वाट फार जुनी असल्याचे ध्यानी आले.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. हा मूळ प्रघात तळेगावच्या दाभाड्यांचा. 1818 साली पेशवाई बुडाली, तरी एल्फिन्स्टनसाहेबांनी दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. तिच्यातील काही द्रव्य 1821 साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविले. पुढे 1849 साली लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख व त्यांचे स्नेही यांनी सरकारास विनंती केली की, या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षिसे द्यावीत. शास्त्रीमंडळी खवळली, पण 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. जे द्रव्य एका जातीच्या विद्वानांपुरते होते, ते आता कोणाही ग्रंथकाराने मागावे, असा मार्ग मोकळा झाला. या कमिटीच्या आश्रयाने पुष्कळ मराठी ग्रंथ निघाले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

1855 साली याच कमिटीपुढे जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक ठेवले. शाळा काढल्याबद्दल तीनच वर्षांपूर्वी सरकारने विश्रामबागवाड्यात शाल देऊन त्यांचा गौरव केला होता. नाटकात एक जोशी गरोदर कुणबिणीस व तिच्या नवऱ्यास ग्रहांचे भय घालून नागवितो. शेवटी ते दांपत्य लिहावाचावयास शिकण्याचा निश्चय करते. कमिटीने नाटक नापसंत केले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे लिहून ठेवले आहे. ज्यांच्यावर फिर्याद, तेच पंच! मग निवाडा दुसरा काय होणार?

या नकाराची किंमत कोणी भरली? ‘तृतीय रत्न’ प्रथम छापून निघाले ते 1979 साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. लिहिल्यापासून 124 वर्षे! दरम्यान 1861 सालचे कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे पहिले स्वतंत्र मराठी नाटक म्हणून नावाजले गेले. त्याआधी सहा वर्षे लिहिलेले नाटक मात्र वाचकांना ठाऊकच नव्हते. हानी एकट्या ग्रंथकाराची नव्हे, वाचकांच्या पाच पिढ्यांची झाली.

जोतीराव मात्र थांबले नाहीत. 1873 साली ‘गुलामगिरी’ निघाले. 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले भाग छापून पुढचे छापण्याचे एका पत्राने थांबविले, तेव्हा हडपसर आदी गावी त्यांनी ते शेतकऱ्यांस वाचून दाखविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तो ग्रंथ ऐकून द्रव्यसाहाय्यही केले.

देणाराने नाही म्हणावे, तो त्याचा अधिकार आहे. माझी वही कदाचित सामान्यही असेल. परंतु नकाराचे कारण लेखी द्यावे, आणि ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला त्यांनाच पंच करू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. तोवर मी वहीच्या तीन प्रती हाताने उतरविल्या आहेत. एक शाळेत ठेविली आहे; दुसरी दर एकादशीस देवळाच्या ओट्यावर वाचतो. ऐकणारी मंडळी माझ्या चुका दाखवितात, आणि त्या मी समासात लिहून ठेवतो.