आपल्या घरातला फ्रीज : थोडा इतिहास, थोडी निगा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी माहितीपर लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. सोसायटीच्या वाटचालीवर इतर मंडळी लिहिणारच आहेत. म्हणून मी एका वेगळ्या सभासदाचा इतिहास घेतला आहे. हा सभासद आपल्या प्रत्येक घरात आहे, रात्रंदिवस उभा असतो, आणि बंद पडेपर्यंत त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तो म्हणजे फ्रीज. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि आयुष्य बँकेत काढले, त्यामुळे या विषयात थोडे शास्त्र आणि थोडा हिशेब दोन्ही येईल.

माझे म्हणणे एवढेच आहे, की फ्रीजचा जवळजवळ प्रत्येक भाग कुठल्या तरी जुन्या अडचणीतून जन्माला आला आहे. ती अडचण समजली, की बिघाडही समजतो.

माझ्या पिढीतल्या लोकांना फ्रीजशिवायचे घर आठवत असेल. दूध दिवसातून दोनदा तापवायचे, उरलेले अन्न शिंक्यावर किंवा जाळीच्या कपाटात ठेवायचे, आणि पाणी माठातले. माठातून पाझरलेले पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. फ्रीजही याच तत्त्वावर चालतो, बरं का! फरक इतकाच, की माठातले उडालेले पाणी परत येत नाही, आणि फ्रीजमधला द्रव उडाला तरी त्याला पकडून पुन्हा द्रव करतात.

हे जमेपर्यंत बर्फ चक्क जहाजाने यायचा. १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तिथल्या तळ्यांतला सुमारे १८० टन बर्फ भुशात गुंडाळून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता! पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला, आणि तो साठवायला बर्फखाना होता. मद्रासचा बर्फखाना तर आजही उभा आहे. तिथे आता विवेकानंदांचे स्मारक आहे.

मजा अशी, की बर्फाची जहाजे चालू असतानाच, १८३४ साली, जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आपला फ्रीज आजही त्याच पद्धतीने चालतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस गरम होतो, मागच्या काळ्या जाळीत ती उष्णता टाकून तो द्रव होतो. मग अगदी बारीक नळीतून तो फ्रीजरमध्ये शिरतो, तिथे त्याचा पुन्हा वायू होतो आणि होताना आतली उष्णता शोषून घेतो. थोडक्यात, फ्रीज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून स्वयंपाकघरात आणून टाकतो.

एवढे कळले की निम्मी निगा कळली. मागची जाळी धुळीने भरली किंवा फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला, तर उष्णता बाहेर पडणार कुठून? कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि वीजबिल वाढते. मागे चार-सहा इंच जागा सोडा आणि सहा महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झटका. नव्या फ्रीजमध्ये ही जाळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते. तेव्हा बाजू गरम लागल्या तर घाबरू नका, तो बिघाड नाही.

आता गॅसचा इतिहास, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. सुरुवातीच्या घरगुती फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती झाली तर माणसे दगावत. बर्लिनमधल्या अशाच एका दुर्घटनेची बातमी वाचून खुद्द आइनस्टाइन यांनी लिओ झिलार्ड यांच्याबरोबर, हलणारे भाग नसलेला फ्रीज बनवायला घेतला, असे सांगतात. त्याचे अमेरिकन पेटंट १९३० चे आहे. पण बाजार जिंकला तो १९२८ मध्ये थॉमस मिजली यांनी शोधलेल्या फ्रीऑनने. विषारी नाही, पेटत नाही. पन्नास वर्षे सगळे खूश होते. मग १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी दाखवून दिले, की हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारतही त्यात आला, आणि फ्रीऑन हळूहळू गेला.

आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला निर्धोक, पण ज्वलनशील; स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंदच. तो साधारण पन्नास-साठ ग्रॅमच असतो, त्यामुळे एरवी धोका नगण्य. पण दुरुस्तीला आलेला माणूस ज्योत पेटवून नळी जोडू लागला, तर तो या गॅसच्या कामात तयार आहे ना, हे आधी विचारा. मागच्या पट्टीवर गॅसचे नाव लिहिलेले असते. तोच गॅस भरला पाहिजे, दुसरा चालत नाही.

आणि हे पक्के लक्षात ठेवा : फ्रीजचा गॅस वापरून संपत नाही. ती सीलबंद मुदत ठेव आहे. शिल्लक कमी झाली म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता "गॅस भरून देतो" म्हणणाऱ्याला दिलेले पैसे दोन-चार महिन्यांत हवेत जातात.

गळतीचे एक नेहमीचे कारण तर आपल्याच हातात असते. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरवर बर्फ साचतो, तो सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडतात. फ्रीजरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, त्यातच गॅसच्या वाटा. टोक लागले की भोक पडलेच. बटण दाबून डिफ्रॉस्ट करावे आणि धीर धरावा.

भारतात बनलेला पहिला फ्रीज १९५८ साली गोदरेजने काढला. पुढे ऑल्विन, केल्व्हिनेटर अशी नावे घरोघरी झाली. तरी कितीतरी वर्षे सरकारी हिशेबात ती चैनीची वस्तूच; कर भरपूर. बँकेत असताना फ्रीजसाठीचे कर्जाचे अर्ज मी पाहिले आहेत. १६५ लिटरच्या फ्रीजचे हप्ते लोक वर्षानुवर्षे फेडत, आणि अख्खा मजला त्या एका घरातून बर्फ नेई.

आता नेहमीच्या तक्रारी.

भाजीच्या खणाखाली पाणी साचते : फ्रॉस्ट-फ्रीमध्ये वितळलेले पाणी मागच्या छोट्या भोकातून खालच्या ट्रेमध्ये जाते. ते भोक तुंबलेले असते. कोमट पाणी सोडून मोकळे करा.

फ्रीजर थंड, पण खालचा भाग गरम : आतला पंखा बंद आहे किंवा डिफ्रॉस्टचा हीटर गेल्यामुळे मागे बर्फ साचला आहे. भांडी खच्चून भरून हवेची वाट अडवली असेल, तर आधी ती मोकळी करा.

फ्रीज सतत चालूच राहतो : दाराचे रबर तपासा. नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून थंडी जाते आहे. साबणाच्या पाण्याने रबर पुसा. तरीही सैल असेल तर बदला.

"टक्" आवाज येतो, पण चालू होत नाही : दाब कमी असेल किंवा रिले-ओव्हरलोड गेला असेल. तो भाग स्वस्त आहे. ते तपासल्याशिवाय "कॉम्प्रेसर गेला" हे मान्य करू नका. वीज गेल्यावर मात्र पाच मिनिटे थांबूनच फ्रीज चालू करा.

हात लावताच झिणझिण्या येतात : यात उशीर नको. मेन स्विच बंद करा, प्लग काढा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पंचवीस वर्षांच्या इमारतीत ही तपासणी एकेकट्याने करण्यापेक्षा सोसायटीने एकदमच करून घ्यावी, असे मी सुचवतो.

शेवटचा मुद्दा दाराचा, आणि त्यासाठीच हा लेखप्रपंच. पूर्वी फ्रीजचे दार खटक्याने बंद होई आणि आतून उघडत नसे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुले अडकून गुदमरली. म्हणून १९५६ साली तिथे कायदा झाला, की दार आतून उघडता आलेच पाहिजे. आजचे चुंबकाचे रबर त्यामुळेच सगळीकडे रुळले. पण आपल्याकडे फ्रीजला कुलूपही असते, आणि लहान मुलाची ताकद ती किती! आपल्या जिन्याखाली आणि पार्किंगमध्ये जुने फ्रीज उभे आहेत, आणि संध्याकाळी तिथेच मुले खेळतात. ज्यांचे असतील त्यांनी आजच दार काढून ठेवावे आणि फ्रीज अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. कमिटीने त्यासाठी एक रविवार ठरवला, तर खाली उभे राहून यादी करायला मी तयार आहे.

सर्व सभासदांना व कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!