माँतेनची प्रवासवही व तिच्या मूळ प्रतीचा लोप

जुन्या दप्तरांत एखादी बखर किंवा सनद सांपडली म्हणजे ती नकलून घेण्याची घाई सर्वांसच होते. परंतु त्याच दप्तरांत मुक्कामांच्या टिपणांचें, शिध्याच्या याद्यांचें किंवा वाटखर्चाचें बाड निघालें, तर तें बहुधा पुन्हां बासनांत बांधून ठेवलें जातें. कोण कोठें उतरला, काय जेवला, काय प्याला, यांत इतिहास तो कसला, असें म्हणणारे विद्वान् आजही आढळतात. या समजुतीची परीक्षा पाहण्यास फ्रान्स देशांतील एका प्रवासवहीचें उदाहरण आम्हांस विशेष उपयोगी वाटतें. ही वही सुमारें १९० वर्षें अप्रसिद्ध राहिली, नंतर उजेडांत आली, छापली गेली, आणि छापल्यावर नाहींशी झाली.

वहीचा धनी मिशेल द माँतेन (१५३३–१५९२) हा बोर्दोनजीकचा एक सरदार. त्याच्या निबंधांचे पहिले दोन भाग १५८० सालीं प्रसिद्ध झाले, आणि निबंध या वाङ्मयप्रकाराचा जनक म्हणून त्याचें नांव जगभर झालें. त्याच सालच्या २२ जून रोजीं तो घोड्यावर बसून घराबाहेर पडला तो १५८१ च्या ३० नोव्हेंबरास परत आला. म्हणजे १७ महिने ८ दिवस तो प्रवासांतच होता. त्यास मूतखड्याची व्यथा होती व निरनिराळ्या उष्णोदकांचा गुण पाहावा असा एक हेतु होता. परंतु तेवढाच हेतु नव्हता, हें वहीवरूनच दिसतें. बरोबर धाकटा भाऊ, एक मेहुणा, एक तरुण सरदार, नोकरचाकर व सामानाचीं जनावरें होतीं.

वही सांपडली ती अशी. पेरिगोर प्रांतांतील शान्सलाद येथील मठाचा प्रूनिस नांवाचा एक धर्माधिकारी आपल्या प्रांताचा इतिहास लिहिण्यासाठीं गांवोगांवचीं दप्तरें पाहत फिरत असे. १७७० सालीं तो माँतेनच्या वाड्यांत गेला असतां एका जुन्या पेटाऱ्यांतील कागदांत त्यास ती आढळली. आकार लहान फोलिओ, पृष्ठें १७८, आणि आरंभींचीं पानें फाटून गेलेलीं. त्यामुळें २२ जूनपासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतचा वृत्तांत मुळींच नाहीं. राजदर्शन व ला फेरचा वेढा हे प्रसंग त्या पानांबरोबर गेले. सुमारें एक तृतीयांश मजकूर लेखनिकाच्या हातचा व उरलेला खुद्द माँतेनच्या हातचा होता. राजग्रंथालयांतील केर्लों या पंडितानें १७७४ सालीं ती छापून प्रसिद्ध केली.

आतां या प्रवासाची रीति पाहूं. मार्ग ठरलेला असा नव्हताच. शांपान्य व लोरेन प्रांत ओलांडून प्लोंबियेरचीं उष्णोदकें, पुढें बाझेल, बाडेन, कॉन्स्टन्स सरोवर, आउग्सबुर्ग, म्यूनिक, ब्रेन्नरचा घाट, ट्रेंट, व्हेरोना, व्हेनिस, फ्लॉरेन्स व अखेरीस रोम, असा फेरा त्यानें घेतला. पुष्कळ वेळां तो वांकडी वाट धरी, आणि दिवसभर चालून मंडळी पुन्हां निघाल्या ठिकाणाच्या आसपास येऊन पोंचे. सोबती कुरकुरूं लागले म्हणजे तो म्हणे कीं, आपण जेथें असूं त्यापलीकडे कोठें जाण्याचा आपला संकल्पच नाहीं. मग वाट चुकावी तरी कशी? लेखनिक आणखी लिहितो कीं, धनी एकटाच आपल्या माणसांनिशीं असता तर इटलीस वळण्याऐवजीं क्राकोस किंवा खुष्कीनें ग्रीस देशास गेला असता, आणि अनोळखी मुलूख पाहण्याच्या गोडीनें त्यास वयाचा व दुखण्याचाही विसर पडत असे. माँतेननें पुढें आपल्या निबंधांतही हेंच सांगितलें आहे : कांहीं पाहावयाचें मागें राहिलें तर तो माघारा फिरे, आणि सरळ किंवा वांकडी अशी कोणतीच रेघ आधीं आंखून ठेवीत नसे.

अशा प्रवासांत मुक्काम पडेल ती खानावळ व पुढें येईल तें ताट, हाच नियम. प्रत्येक देशांत त्या देशाच्या चालीनें जेवावें व निजावें, म्हणजे रीतींतील भेद अनुभवास येतो, असें त्याचें धोरण होतें. बाझेलकडील लोक द्राक्षासवांत पाणी घालीत नाहींत, हें पाहून फ्रेंच मंडळीस आधीं नवल वाटलें. परंतु तेथील मद्य इतकें सौम्य कीं, गॅस्कनीचें भरपूर पाणी घातलेलें मद्यही त्याहून कडक ठरावें, आणि तरी तें रुचकर, असें वहींत नमूद आहे. सरोवराकांठच्या लिंडाउ गांवीं कोबी बारीक चिरण्याचें एक खास हत्यार त्यांनीं पाहिलें. चिरलेला कोबी मीठ घालून मोठमोठ्या पिंपांत भरून ठेवतात व हिवाळाभर त्याची कढणें करतात. तेथेंच माँतेननें अंगावर पिसांची दुलई घेऊन निजण्याचा प्रयोग केला.

लिंडाउच्याच वर्णनांत त्याच्या तीन हळहळी नोंदल्या आहेत. पहिली ही कीं, इकडची पाकक्रिया शिकून घरीं करून दाखविण्यासाठीं आपण एक स्वयंपाकी बरोबर आणला नाहीं. दुसरी, वाटाड्या म्हणून जर्मन चाकर घेतला नाहीं. तिसरी, निघण्यापूर्वीं त्या त्या स्थळींचे विशेष सांगणारे ग्रंथ वाचले नाहींत व म्युन्स्टरचें भूवर्णन पेटींत टाकलें नाहीं. एवढा थोर ग्रंथकार, आणि त्याच्या हळहळींत स्वयंपाक्याचा मान पुस्तकांच्या आधीं! घाट उतरून रोव्हेरेटोस आल्यावर जर्मनीची टापटीप संपली, पण संत्रीं, लिंबें व ऑलिव्ह यांची भेट झाली. तेथील लोक मोठ्या गोगलगाई खातात, आणि भूछत्राच्या जातीचे जमिनींतील कंद सोलून, त्यांच्या पातळ चकत्या करून, तेल व शिरका घालून वाढतात, असें वही सांगते. पुढें १५८१ च्या उन्हाळ्यांत फ्लॉरेन्स येथें मद्याच्या पेल्यांत बर्फ टाकण्याची चाल त्यानें टिपली आहे.

जें नोंदलें नाहीं त्यालाही मोल असतें. वाटेवर शांपान्य प्रांतांतील एपर्ने गांव लागलें. आज तें नांव उच्चारतांच फेसाळ मद्य आठवतें. पण त्या मद्याची कीर्ति पुढील शतकांतली. वहींत त्या गांवचा म्हणून जो संवाद आहे तो माल्दोना नांवाच्या विद्वान् जेसुइटाशीं स्पा येथील औषधी पाण्याविषयीं झालेला आहे.

पाण्याचा हिशेब तर मद्याहूनही बारीक. प्लोंबियेर येथें मुक्काम अकरा दिवसांचा. रोज सकाळीं नऊ पेले, कांहीं दिवशीं सात. निघतांना त्यानें आपलें कुलचिन्ह लांकडी फळीवर रंगवून घरमालकिणीस दिलें व तिनें तें भिंतीवर बाहेरच्या अंगास लावविलें. लुक्का येथील स्नानतीर्थावर त्यानें खेड्यांतील मुलींस बक्षिसें लावून नाचाचा समारंभ केला. दिविझिया नांवाच्या निरक्षर पण कवनें रचणाऱ्या गरीब शेतकरणीस आपल्याच पंक्तीस बसविलें. याच तीर्थावर ७ सप्टेंबर १५८१ रोजीं, बोर्दो नगराचा अध्यक्ष म्हणून आपली निवड झाल्याची वार्ता त्यास कळली आणि या मुक्त भ्रमणाचा अंत जवळ आला.

आमच्या वाचकांस सर्वांत जिव्हाळ्याची नोंद रोम येथील आहे. ६ मार्च १५८१ रोजीं माँतेननें व्हॅटिकनचें ग्रंथालय पाहिलें. सेनेका व प्लुटार्क यांच्या हस्तलिखित प्रती, टॉमस अक्वायनस याचें स्वतःचें अक्षर, आणि नाजुक, पारदर्शक कागदाचा एक चिनी ग्रंथ यांचें वर्णन त्यानें केलें आहे. व्हर्जिलच्या एका मोठ्या अक्षरांतील प्राचीन पोथींत ‘ईनिड’ काव्याच्या आरंभीं छापील प्रतींत येणाऱ्या चार ओळी नाहींत, हें त्याच्या चटकन् ध्यानांत आलें, आणि त्या ओळी मागाहून कोणी घातल्या असाव्यात हें आपलें मत दृढ झालें, असें तो लिहितो. मूळ पोथी पाहिल्यानें कोणता लाभ होतो, याचें याहून चांगलें प्रमाण कोणतें?

आणि दैवदुर्विलास असा कीं, त्याच्याच वहीस हा लाभ आतां नाहीं. छपाईनंतर मूळ प्रत राजग्रंथालयांत ठेवण्यांत आली व तेथून ती नाहींशी झाली. छापील पुस्तक हातीं आहे, मग जुन्या कागदांची काळजी कोणीं करावी? परंतु छापील पुस्तकानें सुटत नाहींत असे प्रश्न पुष्कळ आहेत. रोममध्यें माँतेननें लेखनिकास निरोप दिला व पुढील लेखन स्वतः आरंभिलें. लुक्काच्या तीर्थावर त्यानें इटालियन भाषा धरली. आल्प्स ओलांडतांना पुन्हां फ्रेंच. हे सांधे छापील प्रतींतही दिसतात. पण पहिल्या तृतीयांशांत बोलतो तो कोण? लेखनिकानें सर्व मजकूर धन्याच्या सांगण्यावरून उतरविला, असें केर्लोंचें मत. पुढील अभ्यासकांनीं लेखनिकाची स्वतंत्र दृष्टि दाखवून दिली आहे. स्वयंपाक्याविषयींची हळहळ धन्याच्या तोंडची कीं चाकराच्या कानावर पडलेली? समासांतील दुरुस्त्या, बदललेली शाई, खोडलेले शब्द यांवरून जो निवाडा झाला असता तो आतां व्हावयाचा नाहीं.

या अंधारांत एक पणती लागली. प्रूनिसचाच मठबंधु लेदे यानें त्या काळीं वहीच्या कांहीं भागाची नक्कल करून ठेविली होती. ती फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत पेरिगोर प्रांताच्या कागदपत्रांत निघाली, आणि फ्रांस्वा मूरो यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केली. दोनशें वर्षें एकट्या छापील प्रतीवर विसंबलेल्या अभ्यासकांस तिच्यामुळें निराळे पाठ मिळाले. नक्कल अपुरी, पण तिनें छापील पाठाची तपासणी तरी शक्य केली.

आपल्याकडील एका प्रवासवृत्ताचें दैव याहून बरें. वरसईचे विष्णुभट गोडसे मथुरेच्या यज्ञाची वार्ता ऐकून १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. त्यांचें ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ सालीं भाषेंत व मजकुरांत फेरफार करून छापलें. तथापि मूळ लेख टिकला, म्हणूनच १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांस तो जसाच्या तसा वाचकांपुढें ठेवतां आला. माँतेनच्या वहीस असा दुसरा जन्म नाहीं.

यावरून आम्ही इतकेंच म्हणतों : दप्तर तपासतांना शिध्याचें टिपण, वाटेवरच्या खानावळीची नोंद, पाण्याच्या पेल्यांचा हिशेब यांस क्षुल्लक मानून वगळूं नये, नक्कल करणें ती सर्व मजकुराची करावी. दुसरें असें कीं, पुस्तक छापून झालें म्हणजे मूळ कागदांचें काम संपलें, ही समजूत सोडावी. एपर्नेच्या गांवांतून जातांना माँतेन काय प्याला, हें सांगणारें पान कदाचित् कोणी लिहिलेंच नसेल. परंतु जीं पानें लिहिलीं गेलीं व आपल्या हातीं आलीं, तीं पुढच्या पिढीच्या हातीं देणें एवढें तरी आपल्या हातचें आहे.