गुत्तीचा निळा कोळी

गुत्ती म्हटले की इतिहासाच्या मराठी वाचकाला मुरारराव घोरपडे आठवतात. अठराव्या शतकाच्या मध्याला कर्नाटकच्या राजकारणात या सरदाराची मदत ज्याला त्याला हवी असे. १७५१ साली अर्काटच्या वेढ्यात सापडलेल्या क्लाइव्हच्या साह्याला निघाले ते त्यांचेच स्वार. पुढे १७७६ साली हैदरअलीने गुत्तीचा किल्ला घेतला. गडावरचे पाणी संपले होते. मुरारराव कैदेत वारले आणि आमच्या लेखी गुत्तीचे प्रकरण तेथेच मिटले.

परंतु या गावाचे नाव आज आपल्यापेक्षा परदेशातच अधिक घेतले जाते, आणि तेही एका कोळ्याच्या निमित्ताने! इंग्लंड-जर्मनी-अमेरिकेत कोळी पाळण्याचा नाद असलेली मंडळी आहेत. त्यांपैकी कितीकांना नकाशावर गुत्ती दाखवता येईल, याची शंकाच आहे. तरी ‘गुत्तीचा कोळी’ आपल्या संग्रही असावा, ही त्यांतल्या पुष्कळांची इच्छा असते. तळहात झाकून टाकील एवढा तो मोठा. अंगावर धातूसारखी निळी झळाळी, पाठीवर फांद्या फुटल्यासारखी फिकट नक्षी, आणि चिडून पुढचे पाय उचलले की खालून दिसणारा पिवळाजर्द रंग. विधात्याने एखाद्या कोळ्यावर एवढा खर्च का करावा, हे कळत नाही.

गंमत अशी की, हा कोळी गुत्तीचा नाहीच.

गुत्ती हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरचे ठाणे. १८७१ साली रायचूरला दोन्हीकडचे रूळ एकमेकांना भिडले आणि हा मार्ग पुरा झाला. गुत्तीला रेल्वेची लाकडाची वखार होती. त्या वखारीत हा निळा प्राणी सापडला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या रेजिनाल्ड इनेस पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन छापले व त्याला ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’ असे नाव दिले. ते वर्णन प्रसिद्ध झाले आपल्या मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. पुढच्याच वर्षी पोकॉकचा ब्रिटिश हिंदुस्थानातील कोळी-विंचवांवरचा मोठा ग्रंथ बाहेर पडला.

वखारीत सापडलेली वस्तू वखारीची नसते, हे खरे म्हणजे कोणाही लाकूडवाल्याने सांगितले असते. हा कोळी जमिनीवर हिंडणारा नव्हे. जुन्या झाडाच्या ढोलीत तो राहतो, ढोलीला आतून रेशमाचे अस्तर लावतो आणि रात्री दाराशी येऊन किडे पकडतो. जाळे विणून वाट पाहत बसणे त्याच्या कुळाला ठाऊक नाही. तेव्हा कोठल्या तरी जंगलात झाड पडले, ओंडका गाडीत चढला आणि ढोलीतला भाडेकरू न सांगता त्याबरोबर गुत्तीला उतरला, असाच तर्क आज केला जातो. पण कागदोपत्री गाव लागले ते गुत्तीचे. मूळ जंगल कोणते, याचा पत्ता पुढे शंभर वर्षे लागला नाही.

कोळी पाळण्याचे कौतुक मात्र जुने आहे. मारिया सिबिला मेरियन ही धाडसी चित्रकर्ती सुरीनामला जाऊन आली आणि १७०५ सालच्या आपल्या ग्रंथात तिने पेरूच्या फांदीवर चिमुकल्या पक्ष्याला खाणारा केसाळ कोळी रंगवला. लोकांनी तिला खोटे ठरवले. पुढे बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनकाठी तसाच प्रकार डोळ्यांनी पाहून १८६३ सालच्या प्रवासवर्णनात नोंदवला. त्याच पुस्तकात त्याने आणखी एक मजेदार दृश्य टिपले आहे: तेथील आदिवासी मुले असल्याच एका कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे घरभर फिरवीत होती. पाळीव टॅरंटुलाची मला ठाऊक असलेली ही सर्वांत लोभस नोंद.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोरीची जागा काचेच्या पेटीने घेतली. झाडावरच्या जातींसाठी पेटी उंच लागते; तिच्यात बुचाच्या सालीची नळी उभी करायची, म्हणजे झाली ढोली. खाण्याला रातकिडे आणि झुरळे. मादी दहा-बारा वर्षे सोबत करते, नर तीन-चार वर्षांतच आटोपतो. पिल्लू निस्तेज दिसते. कात टाकीत वाढेल तशी निळाई चढत जाते. ही निळाई रंगद्रव्याची नव्हे. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची ती किमया आहे. हा प्राणी कुरवाळण्याचा मात्र नाही. तो विजेसारखा पळतो, आणि चावला तर माणूस मरत नसला तरी वेदना व स्नायूंचे पेटके सोसावे लागतात.

अखेर २००१ साली, म्हणजे तब्बल १०२ वर्षांनी, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या पानगळीच्या जंगलात हा कोळी पुन्हा दिसला. गुत्तीपासून हे ठिकाण शंभर-एक किलोमीटर पूर्वेला आहे. आणि त्या डोंगरांतून कोणता लोहमार्ग गेला आहे, पाहा. बेझवाड्याहून गुंतकल-हुबळीवरून गोव्याच्या मुरगाव बंदराकडे येणारा जुना सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग! गुंतकलहून गुत्ती हाकेच्या अंतरावर. वखारीतल्या ओंडक्याचा प्रवास असा जुळतो.

पत्ता लागला, हा त्या जिवाला लाभ झाला की तोटा, हे सांगणे कठीण आहे. थोड्याच काळात तो परदेशच्या पेट्यांत दिसू लागला. प्रारंभी एकेकाला शेकडो डॉलर मोजले जात. २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले: शंभर चौरस किलोमीटरहून कमी मुलूख, त्यातही तोडीने विरळ झालेले रान. हौशी लोकांनी पेटीत त्याची पैदास केली, म्हणून किंमत उतरली. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पेटीत जन्मलेले पिल्लू विकत घेणारा रानातले पिल्लू उचलत नाही, हेही खरेच. २०१९ साली जिनीव्हाच्या परिषदेत या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या नियमाखाली आला, आणि आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने अशा व्यापारासाठी स्वतंत्र तरतूद झाली.

पण परवाना लागतो तो कोळ्याला, आणि कोळी राहतो ढोलीत. ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते. नंद्याळच्या बाजूला सरपणासाठी आणि इमारतीसाठी झाडे पडतात, तेव्हा या जातीचे घर जाते. बुचाच्या हजार नळ्या उभ्या केल्या तरी ते त्या डोंगरात परत येत नाही. परदेशी पेट्यांतली प्रजा उद्या तेथे नेऊन सोडायची म्हटले, तरी आधी जुनी झाडे उभी असावी लागतील. गुत्तीच्या वखारीत १८९९ च्या आधी जो ओंडका उतरला, त्याच्या बुंध्याजवळ नवे झाड उगवले असेल, तर त्याला ढोली पडण्याइतके वय आता कोठे येऊ लागले असेल.